रिकाम्या क्रेटचा हिशेब : पेशीतल्या ऊर्जेबद्दल वाचकांचे प्रश्न

प्राण्यांच्या पेशी ऑक्सिजन असताना आणि नसताना ऊर्जा कशी मिळवतात, यावर या महिन्यात बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मुलीच्या दहावीच्या पुस्तकात एका ग्लुकोजपासून ३८ एटीपी मिळतात असं आहे. क्लासच्या नोट्समध्ये ३६ आहेत. भाचा बायोकेमिस्ट्री शिकतो, तो म्हणतो ३० किंवा ३२. खरं काय धरायचं?
– एक पालक, बिबवेवाडी

उत्तर : एटीपी म्हणजे पेशीची खर्चायची ऊर्जा ज्या रेणूत असते तो रेणू. हिशेब सगळ्यांचा एकच आहे, फक्त भाव वेगवेगळा लावला आहे. तो हिशेब मुलीसोबत कागदावर एकदा मांडाच.

ग्लुकोजचा रेणू सहा कार्बनचा. पेशीद्रव्यात दहा पायऱ्यांत त्याचे तीन-तीन कार्बनचे दोन तुकडे होतात, तेच पायरुविक आम्ल. सुरुवातीला २ एटीपी खर्ची पडतात, पुढे ४ मिळतात, म्हणजे हाती राहिले २. इथवर ऑक्सिजनचा संबंधच येत नाही. हे आधी पक्कं करून घ्या, कारण ‘ऑक्सिजन साखर जाळतो’ हे वाक्य एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं चुकत जातं.

साखर तुटताना तिच्यातला हायड्रोजन, खरं तर त्याचे इलेक्ट्रॉन, उचलून नेणारा एक वाहक असतो. त्याचं नाव एनएडी. तो दुधाच्या क्रेटसारखा आहे असं समजा. पहाटे भरलेले क्रेट दुकानांवर जातात आणि रिकामे परत आले तरच डेअरीत पुढचं दूध भरता येतं. पेशीत हे क्रेट मोजकेच असतात. ते रिकामे होऊन आले नाहीत, तर साखर समोर पडलेली असूनही तोडता येत नाही. या सदरातल्या निम्म्याअधिक प्रश्नांची उत्तरं या एका गोष्टीत आहेत.

आता क्रेट मोजू. साखरेचे दोन तुकडे होताना २ भरतात. पायरुविक आम्ल तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रिया, पेशीतलं ऊर्जाघर) शिरून ॲसेटिल को-एन्झाइम ए होताना आणखी २. मग क्रेब्ज चक्रात ६. एकूण १०. शिवाय एफएडी नावाचे छोटे क्रेट २. थेट मिळालेले एटीपी ४ : पेशीद्रव्यातले २ आणि चक्रातले २. हे चक्र हान्स क्रेब्ज यांनी १९३७ मध्ये मांडलं. श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड या चक्रात आणि त्याच्या आधीच्या पायरीत सुटतो.

भरलेले क्रेट तंतुकणिकेच्या आतल्या पडद्यावर उतरवले जातात. इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे सरकतात आणि त्या जोरावर प्रोटॉन पडद्यापलीकडे ढकलले जातात. धरणात पाणी तुंबावं तसे ते पलीकडे तुंबतात, आणि परत येताना एटीपी बनवणारं प्रथिनाचं चाक खरोखर गरगर फिरवतात. हा विचार पीटर मिचेल यांचा, त्यासाठी त्यांना १९७८ चं नोबेल मिळालं. थकलेले इलेक्ट्रॉन रांगेच्या शेवटी ऑक्सिजन उचलतो आणि त्याचं पाणी होतं. म्हणजे आपण आत घेतलेला ऑक्सिजन पाण्यात जातो, कार्बन डायऑक्साइडमध्ये नाही. ऑक्सिजनचं काम एवढंच, पण तो शेवटी उभा नसला की मागची अख्खी रांग अडते.

पूर्वी मोठ्या, म्हणजे एनएडीच्या क्रेटमागे ३ आणि छोट्यामागे २ एटीपी धरत. १० गुणिले ३, अधिक २ गुणिले २, अधिक ४, झाले ३८. मोठ्या क्रेटमागे सुमारे १० प्रोटॉन ढकलले जातात आणि एक एटीपी बनवून पेशीद्रव्यात पोचवायला सुमारे ४ लागतात, हे पुढे कळलं. त्यामुळे भाव अडीच झाला, छोट्या क्रेटचा दीड. २५ अधिक ३ अधिक ४, झाले ३२. पेशीद्रव्यातले २ क्रेट तंतुकणिकेत थेट जाऊ शकत नाहीत, त्यांचा माल दुसऱ्या वाहकावर चढवावा लागतो. यकृत आणि हृदयात ही बदली तोट्याशिवाय होते. कंकाल स्नायू आणि मेंदूत मोठ्या क्रेटचा माल छोट्यात जातो आणि २ एटीपी कमी पडतात. म्हणून ३०. जुन्या भावाने हीच घट धरली की नोट्समधले ३६ येतात.

परीक्षेत पुस्तकातला आकडाच लिहायचा. पण सोबत बेरीज मांडली, तर पुढे आकडा बदलला तरी मुलगी गोंधळणार नाही.

प्रश्न : बऱ्याच महिन्यांनी, रविवारी, पायथ्याच्या आतकरवाडीतून सिंहगड चढलो. चढताना मांड्या पेटल्या आणि मंगळवारी तर जिना उतरवेना. जिममधले सर म्हणतात लॅक्टिक ॲसिड साचलंय, तेल लावून चोळून काढा. हे बरोबर आहे का?
– नऱ्हे

उत्तर : रविवारची आग वेगळी आणि मंगळवारचं दुखणं वेगळं.

स्नायूत तयार एटीपी दोन-तीन सेकंद पुरेल इतकंच असतं. क्रिएटिन फॉस्फेट हा स्नायूतला दुसरा साठा ते साधारण दहा सेकंद भरून काढतो. त्यापुढे साखर तोडावी लागते. तासभराच्या चढाईत बहुतेक ऊर्जा ऑक्सिजन वापरूनच मिळते. पण मध्येच खडी वाट लागली आणि पुढच्याला गाठायला तुम्ही जोर केलात, की साखर तंतुकणिकांना झेपणार नाही इतक्या वेगाने तुटायला लागते. तिथे भरलेल्या क्रेटची रांग लागते. अशा वेळी पेशी माल जवळच उतरवते : एनएडीवरचा हायड्रोजन ती समोरच्या पायरुविक आम्लावर टाकते. त्याचं लॅक्टेट (लॅक्टिक आम्लाचंच रूप) होतं, क्रेट रिकामा होतो आणि साखर तुटत राहते. एका ग्लुकोजमागे २ एटीपीच मिळतात, पण ते झटपट मिळतात. लॅक्टेट बनतं म्हणूनच त्या चढावर पाय उचलला जातो.

त्या क्षणी मांडी पेटते ती वाढलेल्या आम्लतेने. क्रिएटिन फॉस्फेट आणि एटीपी फुटून साचलेलं फॉस्फेट स्नायूची पकड ढिली करतं. थांबलात की दोन्ही लवकर ओसरतं. रक्तातलं लॅक्टेट आरामात लिटरमागे साधारण १ मिलिमोल असतं. जोरदार कष्टात ते दहापटही होतं, पण थांबल्यावर दर वीसेक मिनिटांनी जवळपास निम्मं होत जातं. गडावर पिठलं-भाकरी खाऊन मडक्यातलं दही संपेपर्यंत ते मूळ पातळीच्या आसपास आलेलं असतं. मंगळवारी चोळून काढायला ते शिल्लकच नसतं.

ते जातं कुठे? बरंचसं हृदय आणि मंद गतीचे स्नायू इंधन म्हणून वापरतात. काही यकृतात जाऊन पुन्हा ग्लुकोज होतं. दोन लॅक्टेटचं एक ग्लुकोज करायला यकृताला ६ एटीपी मोजावे लागतात, स्नायूला त्यातून मिळाले होते २. व्यवहार तोट्याचा आहे, पण धावणाऱ्या पायांचा भार तेवढ्यापुरता यकृत उचलतं. हा फेरा उलगडणाऱ्या कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याला १९४७ चं नोबेल मिळालं.

मंगळवारचं दुखणं गड उतरताना लागलेलं आहे. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू वजन पेलत पेलत लांबतो. तेव्हा त्याच्या तंतूंना बारीक इजा होते, सूज येते आणि दुखणं २४ ते ७२ तासांत शिगेला पोचतं. म्हणून जिना चढताना फारसं काही होत नाही, उतरताना जीव जातो. मालिशने बरं वाटतं, जरूर करा. मात्र पुढच्या वेळी उतरताना पावलं लहान टाका, गुडघा किंचित वाकलेला ठेवा आणि काठी घ्या. दोन-तीन आठवड्यांत पुन्हा गेलात तर दुखणं बरंच कमी असेल, कारण स्नायू तेवढ्यात जुळवून घेतो. वर पोचल्यावर एकदम बसण्यापेक्षा दहा मिनिटं सावकाश फिरलात तर लॅक्टेट लवकर उतरतं, मंगळवारवर मात्र त्याचा परिणाम होत नाही.

एक गोष्ट गंभीरपणे घ्या. दुखण्यासोबत लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली किंवा मांड्या टणक सुजल्या, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. स्नायूतलं प्रथिन रक्तात उतरून मूत्रपिंडाला इजा करू शकतं.

प्रश्न : यीस्ट अल्कोहोल बनवतं आणि प्राणी लॅक्टिक आम्ल, हा नियम प्राण्यांना सरसकट लागू आहे का?
– विद्यार्थिनी, अकरावी

उत्तर : अपवाद आपल्या काचेच्या टाकीतच आहे. गोल्डफिश आणि त्याचा भाऊबंद क्रुशियन कार्प ऑक्सिजन संपला की स्नायूत लॅक्टेटचं अल्कोहोल करतात आणि ते कल्ल्यांतून पाण्यात सोडून देतात, त्यामुळे अंगात आम्ल साचत नाही. गोठलेल्या तळ्याखाली क्रुशियन कार्प असे महिने काढतो. हे जमतं ते गार पाण्यात. पुण्याच्या एप्रिलमध्ये कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि माशाची गरज मात्र वाढते, तेव्हा दिवे जाऊन हवेचा पंप थांबला म्हणून गोल्डफिशला या कलेवर सोडून देऊ नका. खाणं बंद ठेवा आणि टाकीतलंच पाणी मगने उंचावरून परत टाकीत ओतत राहा.

प्रश्न : घरी येऊन रक्त नेलं सकाळी ७ वाजता, तपासणी झाली साडेदहानंतर. उपाशीपोटीची साखर ७१ आली. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये जाऊन दिलं तर ९१. औषध तेच, जेवण तेच. यंत्र चुकलं का?
– हडपसर

उत्तर : यंत्र चुकलेलं नसणार. नळीतल्या पेशींनी साखर खाल्ली असावी.

प्रौढ तांबड्या पेशीत तंतुकणिका नसतात. शरीरभर ऑक्सिजन पोचवणारी ही पेशी स्वतः त्यातला कणही वापरत नाही. सुमारे १२० दिवसांचं आयुष्य ती साखर तोडून, लॅक्टेट करून, २-२ एटीपींवर काढते. रक्त शरीराबाहेर काढलं म्हणून हे थांबत नाही. खोलीच्या तापमानाला, पेशी वेगळ्या न करता नळी तशीच ठेवली तर साखर तासाला साधारण ५ ते ७ टक्के उतरते. साडेतीन तासांचे धरा पंधरा ते पंचवीस टक्के. तुमच्या ९१ चे ७१ याच टप्प्यात बसतात.

साखरेसाठी राखाडी बुचाची नळी वापरतात ती यासाठीच. तिच्यात फ्लोराइड असतं. ते साखरेच्या दहा पायऱ्यांतली नववी अडवतं. पण आधीच्या आठ पायऱ्या काही वेळ चालूच राहतात, त्यामुळे पूर्ण परिणाम व्हायला एक-दोन तास जातात आणि तेवढ्यात थोडी घट होतेच. म्हणून राखाडी नळी असली तरी ती बर्फात ठेवणं किंवा लवकर यंत्रात गरगर फिरवून प्लाझ्मा (पेशींवरचा पातळ भाग) वेगळा करणं हाच खरा उपाय. घरी येणाऱ्याला दोनच गोष्टी विचारा : साखरेची नळी राखाडी बुचाची आहे का, आणि ती किती वाजता फिरवणार. जांभळ्या बुचातल्या एचबीएवनसीला (दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) या काही तासांनी फरक पडत नाही.

रुग्णालयात लॅक्टेट तपासतात तेव्हा हीच भानगड उलटी होते : नळी रेंगाळली की आकडा खोटा वाढतो. पट्टा घट्ट बांधून मूठ उघड-मीट करायला लावली तरी वाढतो. लॅक्टेट लिटरमागे २ मिलिमोलच्या वर असेल तर डॉक्टर सावध होतात आणि गंभीर संसर्गात ४ च्या वर गेलं तर धावपळ सुरू होते, म्हणून हा नमुना तरी कोणी टेबलावर ठेवून चहाला जाऊ नये.

आणि एका आकड्यावरून गोळी कमी-जास्त करू नका. अर्थात दरदरून घाम आणि हातांना कापरं असेल, तर नळीचा विचार नंतर. आधी साखर खा.

प्रश्न : बाथरूममध्ये गॅस गीझर आहे. शेजारी तशाच बाथरूममध्ये चक्कर येऊन पडले. बोटाला लावलेलं यंत्र ९८ दाखवत होतं. ऑक्सिजन ९८ असताना माणूस बेशुद्ध कसा होतो?
– कात्रज

उत्तर : ते यंत्र फसलं होतं. बंद बाथरूममध्ये गीझर हवेतला ऑक्सिजन खात जातो, मग गॅस अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम दिलेला वास इथे कामी येत नाही, कारण गॅस गळत नसतो, जळत असतो. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट धरतो. रक्त लालभडकच राहतं आणि बोटावरच्या यंत्राला ते ऑक्सिजनने भरलेलं वाटतं. शिवाय हिमोग्लोबिनवर उरलेला ऑक्सिजनही पेशींपाशी सहजी सुटत नाही. क्रेट उतरवायला शेवटी कोणी उभाच राहत नाही. त्वचा, स्नायू थोडा वेळ २ एटीपींवर तग धरतात. मेंदू वजनाने शरीराच्या २ टक्के असूनही सुमारे २० टक्के ऑक्सिजन वापरतो, त्याला हे परवडत नाही.

आधी डोकं दुखतं, मळमळतं, पाय लुळे पडतात, म्हणून माणूस दारापर्यंतही पोचत नाही. असं कोणी सापडलं तर दार-खिडकी उघडा, गीझर बंद करा, त्याला ओढून मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. श्वास थांबला असेल तर छाती दाबायला सुरुवात करा. आत फार वेळ थांबू नका, नाहीतर तुम्हीही पडाल. शुद्धीवर आला तरी रुग्णालयात न्या : साध्या हवेत हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तास-दीड तास.

तुमच्या गीझरबद्दल सांगायचं तर तो बाल्कनीत किंवा बाहेरच्या भिंतीवर लावून घ्या आणि बाथरूममध्ये फक्त गरम पाण्याचा नळ येऊ द्या. तोपर्यंत बादली भरून घ्या, गीझर बंद करा आणि मगच दार लावून अंघोळ करा. एवढं तरी आजपासून कराच.

प्रश्न : ताजं मटण आणून लगेच शिजवलं तरी वातड का होतं? आणि बांगड्याच्या सालीखाली काळपट पट्टा असतो, तो खराब आहे का?
– गृहिणी, रास्ता पेठ

उत्तर : बांगडा अगदी चांगला आहे. तो पट्टा म्हणजे दिवसभर संथ पोहणारा स्नायू. त्यात तंतुकणिका आणि ऑक्सिजन धरून ठेवणारं मायोग्लोबिन ठासून भरलेलं असतं, म्हणून तो गडद. बाजूचं फिकट मांस झटक्याने पळण्यासाठी, साखर तोडून लॅक्टेट बनवत चालणारं. कोंबडीच्या तंगडीत आणि छातीत हाच फरक दिसतो.

मटणाचं असं आहे. बोकड कापल्यावर रक्त थांबतं, पण स्नायू ताबडतोब मरत नाही. त्यातलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, ऑक्सिजनविना तुटत राहतं, आम्ल साचतं आणि सामू (पीएच) ७ वरून साडेपाचच्या आसपास येतो. मग एटीपी संपतं. स्नायूचे दोन धागे एकमेकांची पकड सोडायला एटीपीच लागतं, ते नाही म्हणून मांस ताठरतं. या ताठर वेळेत कुकरला लावलं तर ते वातड राहतं. झाकून एक दिवस फ्रीजमध्ये ठेवा. स्नायूतलीच विकरं (एन्झाइम) धागे सैल करतात, आणि आम्लामुळे जंतूंची वाढही मंदावते.

मांस काळसर, चिकट आणि कोरडं दिसलं तर जनावर कापण्याआधी दमवलेलं किंवा उपाशी होतं, अशी दाट शक्यता. ग्लायकोजेन आधीच संपल्यामुळे त्यात आम्ल तयार होत नाही आणि ते लवकर बिघडतं. असं मटण घेऊ नका.

प्रश्न : शाळेत प्रयोगशाळा नावापुरती आहे. चाळीस मुलांना हे दाखवता येईल असं काही सुचवा.
– विज्ञान शिक्षिका, धनकवडी

उत्तर : दोन प्रयोग सुचवतो, खर्च पन्नास रुपयांच्या आत.

पहिला चुन्याच्या निवळीचा. सुगंध न घातलेला साधा खायचा चुना घ्या. एक लिटर पाण्यात चमचाभर ढवळून रात्रभर झाकून ठेवा आणि सकाळी वरचं नितळ पाणी न हलवता बाटलीत काढा. पाणी जराही गढूळ असेल तर फडक्यातून गाळा, नाहीतर आधीच दुधाळ दिसेल. बाटलीला घट्ट बूच लावा. उघडी राहिली तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने वर साय धरते आणि निवळी मरते. दोन सारख्या पेल्यांत ५०-५० मिलिलिटर घ्या. एका मुलाने बसून, नेहमीसारखा श्वास सोडत, स्ट्रॉने फुंकायचं; पेल्यामागे ठेवलेल्या कागदावरची फुली दिसेनाशी होईपर्यंतचा वेळ मोजायचा. मग त्याने तीन मजले चढून-उतरून लगेच दुसऱ्या पेल्यात फुंकायचं. वेळ बराच कमी येतो. फुली दिसेनाशी झाली की थांबा, कारण फुंकतच राहिलं तर निवळी पुन्हा नितळ होते आणि मुलं गोंधळतात. स्ट्रॉ ओढायची नाही, फुंकायचीच, हे दोनदा सांगा. निवळी तोंडात किंवा डोळ्यात जाता कामा नये. दम्याच्या मुलांना जिना चढायला लावू नका.

दुसरा कपड्यांच्या चिमट्याचा. अंगठा आणि तर्जनीने चिमटा पूर्ण उघडायचा आणि मिटायचा, दर २० सेकंदांनी आकडा लिहायचा, असं दोन मिनिटं. दहा मिनिटं विश्रांती. मग तोच हात डोक्यावर सरळ उभा धरून पुन्हा. वर धरलेल्या हातात रक्त कमी पोचतं, त्यामुळे आकडे लवकर उतरायला लागतात. अर्ध्या वर्गाला आधी वरचा हात आणि मग खालचा करायला लावा, नाहीतर घट दमण्याची की रक्ताची ते सांगता येणार नाही. मुलं अर्धवट उघडून आकडा फुगवतात, म्हणून मोजायला शेजारचा बसवा. आणि फळ्यावर ‘लॅक्टिक आम्लामुळे थकवा’ असं लिहू नका. ‘क्रेट रिकामे व्हायला उशीर’ असं लिहा, आणि उशीर कुठे झाला ते मुलांकडून काढून घ्या.